समाधान आणि रविवारची शेगडी

एका जंगलात एक अस्वल राहत होतं.

मुलांनो, जंगल म्हटलं की तुम्ही लगेच काळोख, वेली आणि डरकाळ्या डोळ्यांपुढे आणाल. आणू नका. हे जंगल सुधारलेलं होतं. झुडपांना कुंपणं होती, कुंपणांना फाटकं होती आणि फाटकांवर राहणाऱ्यांची आडनावं होती. दुपारच्या झोपेच्या वेळी डरकाळी फोडायला बंदी होती. कुणी कुणाला खात नसे. मासे तेवढे खात. पण मासे बोलत नाहीत, म्हणून या गोष्टीत त्यांना प्राणी धरलेलं नाही.

तर या जंगलात रानशांती नावाची एक वसाहत होती आणि तिथे भालेराव नावाचं हे अस्वल राहत होतं.

भालेराव मधाच्या कोठारात नोकरीला होते. दिवसभर दुसऱ्यांचा मध मडक्यांत भरायचा आणि पंजा चाटायचा नाही, अशी ती नोकरी. स्वभावाने ते इतके गरीब होते, की कोठारातल्या मधमाश्यासुद्धा त्यांना बाजूला व्हायला सांगत. मुलगी लग्न होऊन पलीकडच्या जंगलात गेली होती. घरात भालेराव, त्यांची बायको कुमुदबाई आणि एक कुत्रा.

अस्वलाने कुत्रा पाळावा का, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. शेजारच्या जंगलात एका वाघाने मांजर पाळली होती, आणि जेवायला बसण्याआधी तो तिची परवानगी घेत असे. तेव्हा आपण पुढे जाऊ.

कुत्र्याचं नाव समाधान. नाव ठेवलं तेव्हा तो पिल्लू होता आणि नुकताच दूध पिऊन झोपला होता. त्याच्या तोंडावर एवढी तृप्ती होती की दुसरं नाव सुचलंच नाही. तासाभराने तो जागा झाला. त्यानंतर ती तृप्ती पुन्हा कुणी पाहिली नाही.

समाधान सगळं खायचा. कणकेचा गोळा खायचा. तूप सांडलेलं फडकं खायचा. भालेरावांच्या गुडघ्याला लावलेलं मलम चाटायचा आणि मग गुडघ्याकडे बघत बसायचा. चार घरं सोडून कुणी लाडवाच्या डब्याचं झाकण उघडलं, तर गाढ झोपेत त्याचा कान उभा राहायचा.

एकदा कुमुदबाईंनी देवापुढे नैवेद्य ठेवला आणि डोळे मिटले. डोळे उघडले तर ताट लख्ख. देव पावला, असं त्यांना क्षणभर वाटलं. त्यांचे डोळे भरून आले. मग देव्हाऱ्यामागून शेपूट हललं.

"हा कुत्रा नाही," कुमुदबाई म्हणाल्या, "ही भोक पडलेली कणगी आहे."

पण संध्याकाळी भालेराव घरी आले, की फाटकापाशी उड्या मारणारा तोच एकटा असे. भालेरावांच्या पंजाला मधाचा वास असे, ही गोष्ट खरी. पण भालेराव तेवढं खोलात जात नसत.

आता झालं काय, की भालेराव मुलीकडे गेले असताना त्यांनी जावयाच्या अंगणात एक शेगडी पाहिली. साधी नव्हे. तिला झाकण होतं, चाकं होती, बाजूला चिमटे टांगायला खिळे होते. जावई तिच्यापुढे उभा राहून कोळशावर काहीबाही भाजत होता आणि सगळे पाहुणे त्याच्याकडे आदराने बघत होते.

भालेरावांकडे आजवर कुणी आदराने बघितलं नव्हतं. परत येताना ते तसलीच शेगडी घेऊन आले.

"अहो, घरात चांगली चूल आहे," कुमुदबाई म्हणाल्या.

"चुलीवर स्वयंपाक होतो, कुमुद. हा बार्बेक्यू आहे."

"म्हणजे काय?"

"म्हणजे अंगणात उभं राहून करायचं."

"कोण उभं राहणार?"

"मी."

कुमुदबाईंचा विरोध तिथल्या तिथे मावळला.

पहिल्या रविवारी त्यांनी मरळ मासे आणले. कुमुदबाईंनी ते साफ केले, त्यांना चिरा दिल्या, आलं-लसूण वाटलं, तिखट-हळद लावली, मुरत ठेवले, कोशिंबीर केली, भाकऱ्या थापल्या. मग भालेरावांनी एप्रन बांधला, मासे जाळीवर ठेवले आणि बार्बेक्यू केला.

कोळसे फुलले. मसाल्याचा वास अंगणभर पसरला. आणि समाधान येऊन बसला.

तो भुंकला नाही. त्याने पायावर पंजा मारला नाही. तो नुसता बसला आणि त्याने भालेरावांकडे पाहिलं. मोठे, ओलसर डोळे. सगळं जग एका घासात येऊन थांबलंय अशी नजर. भालेरावांनी चिमटा डावीकडे नेला, तर डोळे डावीकडे. उजवीकडे नेला, तर उजवीकडे. भालेरावांनी चिमटा वर धरला, तेव्हा समाधानने आकाशाकडे बघितलं.

भालेरावांच्या मनात काहीतरी हललं. आयुष्यात इतक्या एकाग्रतेने त्यांच्याकडे कुणी पाहिलंच नव्हतं. लग्नातसुद्धा नाही.

"बघ कसा शांत बसलाय," ते कौतुकाने म्हणाले.

तेवढ्यात वारा फिरला. धूर डोळ्यांत गेला. भालेरावांनी डोळे मिटले.

मुलांनो, हे जंगल सुधारलेलं होतं, पण त्यात डोळे मिटण्याची सोय नव्हती.

समाधानने सर्वांत मोठा मासा शेपटीकडून उचलला. तो चटका बसण्याइतका गरम होता, म्हणून त्याने तो हवेत उडवला. पुन्हा झेलला. पुन्हा उडवला. असं करत करत तो कुंपणाखालून शेजारच्या साळवीबाईंच्या अंगणात गेला.

साळवीबाई म्हणजे साळिंदर. अंगावर काटे आणि बोलण्यातही. त्यांनी त्या दिवशी वर्षभराच्या कुरडया वाळत घातल्या होत्या. समाधानने मासा कुरडयांवर ठेवून निववला. मग खाल्ला. मग ज्या कुरडयांना मासा लागला होता, त्या खाल्ल्या. मग ज्यांना लागला नव्हता, त्यांच्यावर अन्याय नको म्हणून त्याही खाल्ल्या. परत येऊन, जिथे माशाची चरबी ठिबकली होती तो विझलेला कोळसाही त्याने खाल्ला.

संध्याकाळी वसाहतीचे अध्यक्ष आले.

अध्यक्ष होते गवाणकरसाहेब. गवा. एवढी मोठी छाती, एवढं मोठं कपाळ, की ते फाटकातून आत आले की अंगणात सावली पडे. वसाहतीत त्यांचा फार दरारा होता. 'संयम' हा त्यांचा आवडता शब्द. सभेत बोलताना ते तो शब्द असा उच्चारत, की ऐकणाऱ्याला आपण उगाच जेवलो असं वाटे.

"भालेराव," ते म्हणाले, "वसाहतीत राहायचं म्हणजे संयम हवा. या कुत्र्यात तो नाही."

"नाही साहेब," भालेराव म्हणाले.

"पलीकडच्या डोंगरावर मेंढ्यांची वस्ती आहे. त्यांना राखणीला कुत्रा हवाय. दिवसातून एकदा कोरडी भाकरी देतात. तिकडे पाठवा. सरळ होईल."

"साहेब, लहान आहे तो अजून."

"माझ्या कुरडयासुद्धा लहानच होत्या!" कुंपणापलीकडून साळवीबाई म्हणाल्या.

"येत्या बैठकीत ठरवून टाकू," गवाणकर म्हणाले आणि निघाले. जाताना शेगडीपाशी त्यांची पावलं जराशी रेंगाळली. नाकपुड्या फुलल्या. पण ते मोठे प्राणी होते. मोठ्या प्राण्यांच्या नाकपुड्या फुलतातच, असं भालेरावांना वाटलं.

ते गेल्यावर भालेराव पायरीवर बसून राहिले. समाधान त्यांचा एप्रन चाटत होता.

कुमुदबाई चहा घेऊन बाहेर आल्या. कुत्र्याला रोज सकाळ-संध्याकाळ बोल लावणाऱ्या त्याच. त्यांनी कप ठेवला. मग म्हणाल्या, "डोंगरावर गार वारा असतो. याला झोपताना पोटाखाली घोंगडी लागते. मेंढ्यांना कोण सांगणार?"

भालेराव समाधानच्या पाठीवरून पंजा फिरवत राहिले.

"सगळ्यांना जेवायला बोलवा," कुमुदबाई म्हणाल्या.

"कुणाला?"

"ज्यांचं बैठकीत चालतं त्यांना. गवाणकर, त्यांची बायको, साळवीबाई. त्यांच्यासमोर शेगडी पेटवा. त्यांच्या डोळ्यांदेखत हा शांत बसला, तर काय बोलतील?"

"आणि नाही बसला तर?"

"त्याला बसवायला शिकवा."

वसाहतीत मोरे मास्तर होते. मोर. ते आधी नृत्य शिकवत, मग योगासनं शिकवायला लागले आणि अलीकडे त्यांनी कुत्र्यांना शिस्त लावण्याचा वर्ग काढला होता. तेही वसाहतीच्या समितीत होते. भालेराव समाधानला घेऊन त्यांच्याकडे गेले.

"भूक पोटात नसते, भालेराव," मास्तर मान वेळावत म्हणाले. "ती मनात असते. मी स्वतः सूर्यास्तानंतर अन्नाला शिवत नाही."

मास्तरांची पद्धत सोपी होती. 'थांब' म्हणायचं. कुत्रा थांबला की खाऊ द्यायचा.

समाधानला हे चटकन समजलं. बसलं की खायला मिळतं. मग तो बसायला लागला. मास्तरांसमोर बसला. भालेरावांसमोर बसला. फाटकासमोर, मडक्यासमोर, मीठ फुटलेल्या भिंतीसमोर बसला. रस्त्याने कुणीही चाललं की समोर जाऊन बसायचा आणि वाट बघायचा.

"प्रगती आहे," मास्तर म्हणाले.

"पण खाऊ दिला नाही तर?" भालेरावांनी विचारलं.

"तो धडा पुढचा आहे," मास्तर म्हणाले.

पण भालेरावांनी तो धडा घरीच घेतला. ते रोज संध्याकाळी रताळ्याचा तुकडा समोर ठेवत आणि 'थांब' म्हणत. समाधान थरथरत थांबे. त्याच्या ओठाच्या कोपऱ्यातून लाळेची तार निघे आणि हळूहळू जमिनीपर्यंत जाई. भालेरावांचा जीव कासावीस होई. शेवटी ते स्वतःच म्हणत, "घे रे बाबा." कुत्र्यापेक्षा त्यांनाच थांबणं जड जात होतं. तरी रोज थोडं थोडं जास्त थांबणं व्हायला लागलं. एके दिवशी कुमुदबाईंनी मध्येच हाक मारली, म्हणून भालेराव आत गेले आणि बोलत बसले. परत आले तर समाधान तिथेच. तुकडाही तिथेच. तार मात्र दोन झाल्या होत्या.

भालेराव त्याच्या गळ्यात पडले. त्या भरात तुकडा गेला, पण तो हिशोबात धरायचा नाही.

ठरलेल्या रविवारी पाहुणे आले. अध्यक्ष शाकाहारी, म्हणून कुमुदबाईंनी सगळा शाकाहारी बेत केला होता. दह्यात मुरवलेलं पनीर, लोणी लावलेली कणसं, अळंबी, हिरवी चटणी. दोन-चार रताळी भालेरावांनी निखाऱ्यांखाली राखेत पुरली.

पाहुण्यांनी आल्या आल्या आपापला संयम जाहीर केला.

"ह्यांना काही देऊ नका हं," गवाणकर वहिनी म्हणाल्या. त्यांच्या हातात डबा होता. "वैद्यांनी सांगितलंय. फक्त काकडी."

"मला काकडी आवडते," गवाणकर म्हणाले.

"माझा आज उपास," साळवीबाई म्हणाल्या. "मी नुसती बसायला आलेय."

"माझा नियम तर तुम्हाला ठाऊकच आहे," मोरे मास्तर म्हणाले आणि त्यांनी मावळत्या सूर्याकडे बोट दाखवायच्या ऐवजी चोच दाखवली.

कुमुदबाईंनी भालेरावांकडे पाहिलं. एवढं सगळं कुणासाठी केलं, असं त्या डोळ्यांत होतं.

मग शेगडी पेटेना. पेटत नसलेल्या शेगडीभोवती जे होतं, ते झालं. सगळे सल्ले द्यायला लागले. कोळसे पसरा. कोळसे एकत्र करा. झाकण लावा. झाकण लावतं का कुणी? भालेरावांनी सगळ्यांचं ऐकलं, आणि त्यामुळे काहीच पेटलं नाही. शेवटी कुमुदबाई आतून चुलीतले निखारे घेऊन आल्या, शेगडीत टाकले आणि परत गेल्या.

भालेरावांनी जाळीवर पनीर मांडलं. कणसं मांडली. मग त्यांनी समाधानला पायाशी बसवलं आणि म्हणाले, "थांब."

समाधान बसला.

लोणी वितळलं. निखाऱ्यावर पडून चुरचुरलं. पनीरच्या कडा तांबूस झाल्या. अंगणात असा वास सुटला, की फाटकावरची आडनावंसुद्धा वळून बघतील.

समाधानच्या ओठाच्या कोपऱ्यातून तार निघाली. पण तो हलला नाही. भालेरावांच्या पायाला त्याची कूस टेकली होती. ती थरथरत होती, गरम होती आणि जागची हलत नव्हती.

"पाहिलंत साहेब?" भालेराव म्हणाले.

"हं," गवाणकर म्हणाले. ते कुत्र्याकडे पाहत नव्हते.

"आच कमी पडतेय," मोरे मास्तर अचानक म्हणाले. "मी वारा घालतो."

आणि त्यांनी पिसारा फुलवला.

मुलांनो, मोराने पिसारा फुलवला की बघणाऱ्याचं मन आनंदतं, हे खरं आहे. पण शेगडीसमोर फुलवला तर वेगळं होतं. मास्तरांनी तो दोनदा झपाट्याने हलवला. निखाऱ्यांवरची राख उडाली. लोण्याचा, दह्याचा, कोळशाचा दाट पांढरा धूर उठला आणि सगळं अंगण त्यात बुडालं. कुणाला कुणी दिसेना.

भालेरावांनी डोळे मिटले. या वेळी मात्र त्यांनी खाली वाकून समाधानची मान घट्ट धरली.

धुरात आवाज यायला लागले. आधी कुणीतरी खोकलं. मग काहीतरी करकरलं. मग कणीस सोलल्यासारखा खर्रर आवाज, एका दमात, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग कुणीतरी समाधानाचा मोठा सुस्कारा सोडला. तो समाधानचा नव्हता. समाधान भालेरावांच्या पंजात होता आणि त्याचं काळीज धडधडत होतं.

हळूहळू धूर विरला. जाळी रिकामी होती.

"कुत्र्यानं खाल्लं!" साळवीबाई ओरडल्या. तोंडात काहीतरी असल्यामुळे ते 'कुत्र्याम्म खाम्म' असं ऐकू आलं.

"मला वाटलंच होतं," मोरे मास्तर म्हणाले. "इतक्या लवकर फरक पडत नाही." त्यांच्या चोचीला हिरवी चटणी लागली होती. आपल्या वर्गाची अब्रू गेली तरी चालेल, अशी त्यांची तयारी दिसली.

भालेरावांनी खाली बघितलं. समाधान होता तिथेच बसला होता. लाळेची तार ओठापासून जमिनीपर्यंत अखंड होती. ज्याने एक घास जरी खाल्ला असता, त्याची ती तार तुटली असती.

त्यांनी वर बघितलं. साळवीबाईंच्या पाठीवरच्या काट्यांत पनीरचे तुकडे टोचलेले होते, नीट ओळीने, पुढच्या खेपेसाठी ठेवल्यासारखे. आणि गवाणकर? गवाणकर करवंदीच्या झुडपामागे होते. म्हणजे त्यांचा अर्धा भाग मागे मावला होता. बाकीचा अर्धा दिसत होता. हनुवटीवर लोणी चमकत होतं आणि मिशीत कणसाचे दाणे होते.

"अहो, तुम्ही कुठे होतात?" वहिनींनी विचारलं. त्या डोळे चोळत होत्या.

"मी? मी इथे. काकडी खात होतो."

"डबा माझ्याकडे आहे."

वहिनींनी डबा पुढे केला.

भालेरावांना सगळं कळलं होतं. आजवर ते कधी खोटं बोलले नव्हते. खोटं बोलावं इतकं महत्त्वाचं त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. आता खरं बोलायचं होतं आणि कुत्रा वाचवायचा होता. एकच वाक्य. त्यांनी छातीत श्वास भरला.

"साहेब, समाधान तर माझ्या पायाशी..."

गवाणकरांनी त्यांच्याकडे पाहिलं.

ती नजर भालेरावांच्या ओळखीची होती. मोठे, ओलसर डोळे. त्यात दरारा नव्हता, अध्यक्षपण नव्हतं. किती दिवसांच्या काकड्या होत्या त्यात. भालेरावांना वाटलं, आता चिमटा डावीकडे नेला तर हे डोळेही डावीकडे जातील.

आणि त्या नजरेपुढे भालेराव कधी टिकले होते?

"...पायाशी बसला होता," ते म्हणाले. "धूर झाल्यावर उठला. त्यानेच खाल्लं. सगळं."

कुमुदबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं, मग कुत्र्याकडे, मग कुत्र्याच्या लाळेकडे.

समाधानने आपलं नाव ऐकून शेपूट हलवलं. आरोप काय आहे, याची त्याने चौकशी केली नाही.

"उद्या सकाळी मी त्याला डोंगरावर नेतो," भालेराव म्हणाले. "तुम्ही बैठक घ्यायला नको. चूक आमचीच. माफ करा." त्यांनी एप्रन सोडायला घेतला. गाठ सुटेना, म्हणून तसाच ओढून काढला आणि त्यात तोंड पुसलं. धुराने डोळ्यांतून पाणी येत होतं. आता धूर नव्हता, पण येत होतं.

"चला, बरं झालं," गवाणकर वहिनी म्हणाल्या. "आता पुढच्या वेळी निवांत जमता येईल. कुत्रा नसला की काही नाहीसं व्हायचं नाही. आणि झालंच, तर मग कुणी खाल्लं ते लगेच कळेल."

त्यांनी ते सहज म्हटलं होतं. म्हणताना त्या नवऱ्याच्या मिशीकडे बघत होत्या, एवढंच.

गवाणकरांना ठसका लागला. साळवीबाई एकदम भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या. मोरे मास्तरांनी चोच पिसांत पुसली.

"एवढी घाई कशाला?" गवाणकर म्हणाले.

"म्हणजे?" भालेरावांनी विचारलं.

"म्हणजे, मुका जीव आहे. डोंगरावर थंडी असते."

"पोटाखाली घोंगडी लागते त्याला," कुमुदबाई दारातून म्हणाल्या.

"बघा! घोंगडी लागते!" गवाणकर सगळ्यांकडे वळून म्हणाले. "आपण सुधारलेले प्राणी आहोत. घोंगडी लागणाऱ्या जिवाला आपण मेंढ्यांकडे पाठवणार?"

"छे," साळवीबाई म्हणाल्या. "लहान आहे तो अजून."

"तुमच्या कुरडया?" भालेराव म्हणाले. त्यांना खरंच समजत नव्हतं.

"कुरडया काय, पुन्हा घालता येतात. जीव पुन्हा घालता येत नाही."

"आणि प्रगती आहे त्याच्यात," मोरे मास्तर म्हणाले. "आज तो आधी थांबला. मगच खाल्लं. हा फार मोठा टप्पा आहे."

समितीने उभ्या उभ्याच बैठक घेतली. सगळ्यांचं एकमत झालं. रानशांती वसाहतीत एकमत झाल्याचं कुणाला आठवत नव्हतं, त्यामुळे ते झाल्यावर सगळे थोडे बावरले. निर्णय असा झाला, की कुत्रा वसाहतीतच राहील. अट एकच. वसाहतीत कुठेही खाण्यापिण्याचा कार्यक्रम असेल, तिथे त्याला आणलंच पाहिजे.

"नाहीतर त्याला संयमाचा सराव कसा होणार?" गवाणकर म्हणाले.

पाहुणे गेले. साळवीबाई जाताना शेवटपर्यंत कुणाकडे पाठ न करता गेल्या.

अंगणात तिघेच उरले. समाधान अजून तिथेच बसला होता. त्याला कुणी ऊठ म्हटलं नव्हतं.

"मी खोटं बोललो, कुमुद," भालेराव म्हणाले. "आणि तेही याच्या नावावर."

"बोललात खरे," कुमुदबाई म्हणाल्या. "पण आज पहिल्यांदा या वसाहतीने तुमचं ऐकलं."

भालेरावांनी चिमट्याने राख उकरली. खाली रताळी होती. बाकी सगळं गेलं होतं, पण राखेत हात घालायची कुणाची हिंमत झाली नव्हती. त्यांनी एक बाहेर काढलं, साल काढली, फुंकर घालून निववलं. त्यातला अर्धा भाग समाधानसमोर ठेवला.

'थांब' म्हणायला त्यांनी तोंड उघडलं. मग मिटलं.

रताळं कधी गेलं ते दोघांनाही दिसलं नाही.

त्यानंतर दर रविवारी कुणाच्या ना कुणाच्या अंगणात शेगडी पेटायला लागली. भालेराव चिमटा धरत, मोरे मास्तर वारा घालत, धूर होई आणि जाळी रिकामी होई. "कुत्र्यानं खाल्लं," असं सगळे म्हणत आणि मान हलवत. कृतज्ञता म्हणून प्रत्येकजण जाताना त्याला गुपचूप एक तुकडा देई. तो गोल झाला. गवाणकर वहिनी त्याच्याकडे बघून म्हणत, "बघा, खाण्यावर ताबा नसला की असं होतं," आणि नवऱ्याला काकडी देत. गवाणकर ती शांतपणे खात. संयमावरची त्यांची भाषणं पूर्वीपेक्षा फार रंगायला लागली, असं सगळे म्हणतात.

समाधानचं मात्र 'थांब' हा शब्द ऐकणं सुटलं. आपण बसलो काय आणि उठलो काय, खाल्लं आपणच, हे त्याला कळून चुकलं होतं. म्हणून एका रविवारी त्याने सगळं खरंच खाल्लं. धूर विरला तेव्हा पाहुणे उपाशी पोटी एकमेकांकडे बघत होते, आणि कुत्र्यावर आता खरंखुरं ओरडायचं कसं, हे कुणालाच सुचत नव्हतं.

तात्पर्य: मुलांनो, हावरटपणा फार वाईट. म्हणूनच प्रत्येक वस्तीने एक हावरट पाळावा, त्याला जपावं आणि त्याला वाईट म्हणत राहावं. बाकीच्यांना सज्जन राहायला दुसरी सोय नाही. फक्त आधी त्याला नीट जेवू घालावं.